मागच्या दाराचे दोन दोरे

माय, आज शनिवार आहे आणि दुपारचे चार वाजून गेलेत. यवतमाळच्या आमच्या हॉलमध्ये आता मी एकटीच उरले आहे. डॉक्टर आणि सिस्टर मंडळी चहा पिऊन पांगली, खुर्च्या वाकड्यातिकड्या पडल्यात, पंखा उगाच फिरतोय. जिनिंगच्या बाजूने खिडकीतून कापसाचे बारीक तंतू तरंगत येतात आणि टेबलावरच्या कागदांवर बसतात. मी फुंकून उडवते, ते थोडं फिरून पुन्हा तिथेच येतात. समोर आजच्या मीटिंगचं इतिवृत्त आहे. सोमवारी ते जिल्ह्यातल्या दवाखान्यांना जायचंय. त्यातली एक ओळ लिहिली आणि त्यानंतर हात पुढे सरकेना, म्हणून मीटिंगमध्ये वाचून झालेल्या संशोधनाच्या पेपरच्या कोऱ्या पाठीवर तुला लिहायला बसले. तुला वाचता येत नव्हतं. येत असतं तर मी लिहिलं नसतं, एवढी काही मी धीट नाही.

या मीटिंगा म्हणजे काय, ते तुला सांगायला नको. महिन्यातल्या एका शनिवारी कोणीतरी एक जण बाळंतपणावरचं नवं संशोधन वाचून येतो, बाकीच्यांना सोपं करून सांगतो, आणि मग आपल्याकडे काय दिसतं यावर बोलणं होतं. आपल्या जुन्या दवाखान्यात हे लसींच्या खोलीत चालायचं. तू तिथे आया होतीस, म्हणजे सगळ्यांची मावशी. तू चहा द्यायचीस आणि कप गोळा करायला मुद्दाम वेळ लावायचीस. मग संध्याकाळी बोरी अरबच्या घरी, चुलीपुढे भाकरी थापत विचारायचीस, आज ते नाळेचं काय सांगत होते, लवकर कापू नये म्हणतात ते कशासाठी. मी नवीन नर्स, अर्धंमुर्धं समजलेलं तुला ऐटीत समजावून द्यायची. तू मान हलवायचीस आणि भाकरी उलटायचीस. आताही हॉलचं दार किरकिरलं की वाटतं, तू ट्रे घेऊन आत येशील आणि आजचा विषय काय म्हणून विचारशील.

आपण एसटीने एकत्रच जायचो. बसमध्ये तुझा खांदा माझ्या खांद्याला लागलेला, मांडीवर एकच डबा. दवाखान्याच्या थांब्यावर उतरलो की मी भराभर पुढे निघायची आणि तू दहा पावलं मागे राहायचीस. तसं कर म्हणून मी कधी सांगितलं नाही, तू कधी विचारलं नाहीस. दवाखान्यातल्या लोकांना माहीत होतं तू माझी आई आहेस ते, पण यवतमाळहून येणाऱ्या डॉक्टरांना नव्हतं, आणि ते कळू नये यासाठी मी फार जपायची. पहिल्याच दिवशी त्यांच्यासमोर मी तुला मावशी म्हणाले. तू वळून ओ दिलीस. मला नोकरी लागली म्हणून तू तुझ्या जुन्या लुगड्याच्या काठाचा बटवा शिवून दिला होतास, तोही मी पर्सच्या तळाशी ठेवायची, कोणाला दिसू नये असा.

त्या काळी लेबर रूममध्ये बाईसोबत घरच्या कोणाला येऊ देत नसत. आत बाई एकटी कळा देत असायची आणि तिची आई बाहेर व्हरांड्यात पदर तोंडाशी धरून बसलेली. इन्चार्ज सिस्टर नियमाच्या पक्क्या होत्या. त्या ड्यूटीवर असल्या की दोन्ही दारं बंद. त्यांची सुट्टी असली की तू मागचं दार, धुण्याच्या दगडाकडचं, हळूच उघडायचीस आणि व्हरांड्यातल्या आईला आत घ्यायचीस. मी पाहिलंय ते. दुपारचं ऊन त्या दारातून फरशीवर एक पट्टा टाकायचं, त्या पट्ट्यात एक म्हातारी लेकीची पाठ चोळत उभी असायची, आणि लेकीचा आवाज बदलायचा. ओरडणं तेच असायचं, पण त्यातली भीती गेलेली असायची. मी पाहून न पाहिल्यासारखं करायची.

त्या दाराच्या मागे, खिळ्याला, तुझे दोन दोरे टांगलेले होते. पांढरा विहारातला, परित्राण पाठाच्या वेळी सगळे हातात धरतात त्या सुताच्या गुंडीतून उरलेला. काळा करदोड्याचा, बाळांच्या कमरेला बांधायला बाया आणायच्या त्यातला. जिची आई किंवा सासू आत आली तिची गाठ पांढऱ्या दोऱ्याला, जी एकटी राहिली तिची काळ्याला. इथेच नीट मोकळी झाली तर एक गाठ, गाडीत घालून यवतमाळला पाठवावी लागली तर एकीवर एक अशा दोन. कोणी शिकवलं नव्हतं तुला. दार केव्हा उघडायचं ते सिस्टरांच्या सुट्टीवर होतं, आणि त्या दिवशी कोणती बाई येईल ते तुझ्या हातात नव्हतंच. आज मी नव्या मुलींना शिकवते की तुलना करायची तर निवड आपल्या हातात ठेवू नये. हे वाक्य बोलताना दर वेळी मला तो खिळा दिसतो.

आणि मग तो शनिवार. यवतमाळच्या मोठ्या मॅडम आल्या होत्या. त्यांनी पेपर वाचला तो नेमका याच गोष्टीवर होता. कळा सुरू झाल्यापासून बाईजवळ तिचं कोणीतरी राहिलं तर बाळंतपण सोपं जातं, सीझर कमी लागतात, असं त्यात होतं. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, इथे कोणी असं काही पाहिलंय का? इन्चार्ज सिस्टर पुढच्याच खुर्चीत बसलेल्या. आणि तू दारात, हातात चहाचा ट्रे.

तू म्हणालीस, "मी पाह्यलं हाये, मॅडम. मांगच्या दाराले दोन दोरे हायेत, तुमी पाहून घ्या."

मॅडमनी चष्मा काढून तुझ्याकडे पाहिलं. त्या काही विचारणार तेवढ्यात मी म्हणाले, "मावशी, चहा गार होतोय. आधी चहा द्या." दोघेतिघे हसले. वाईट हसणं नव्हतं ते, पण हसले. तू माझ्याकडे पाहिलंस. "हो, सिस्टर," म्हणालीस आणि कप वाटायला लागलीस. त्या दिवशी कप गोळा करायला तू थांबली नाहीस.

संध्याकाळी घरी तू चूल पेटवलीस, पीठ मळलंस, पहिली भाकरी तव्यावर टाकलीस, आणि माझ्याकडे पाठ करूनच बोललीस. "मावशी म्हनलीस त्याचं काही नाही. पन दोऱ्याचं सांगू द्याचं होतं मले." मी तयारच होते. नियम मोडल्याचं तू चारचौघांत कबूल करणार होतीस, नोकरी गेली असती, मी तुला वाचवलं, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. तू म्हणालीस, "काहून जाईन नोकरी? मी काय खोटं सांगनार होती?" मग माझ्या ताटात भाकरी वाढलीस. तुझ्या भाकरीला नेहमीसारखा पापुद्रा आला होता, आणि मी ती खाल्ली.

सोमवारी मी तुझ्याआधी मागच्या दाराशी गेले आणि दोन्ही दोरे खिळ्यावरून काढले. मॅडम पुढच्या महिन्यात खरंच बघायला आल्या तर विचारपूस होईल, ही मावशी कोण, कोणाची कोण, हे सगळं निघेल, या भीतीने. नोकरीचं मी तुला सांगितलं ते निम्मंच खरं होतं. लाज वाटत होती मला. दवाखान्यात तेव्हा चुना मारणं चाललं होतं. रिकाम्या खिळ्यापुढे तू जराशी उभी राहिलीस आणि म्हणालीस, "चुनेवाल्यायनं काढले असतीन." मी म्हणाले, असेल. दुसऱ्या दिवशी तू नवे दोरे आणलेस, एक पांढरा, एक काळा, आणि पहिल्या गाठीपासून पुन्हा सुरुवात केलीस. ते दोरे पुढे जुनी इमारत पाडली तेव्हा गेले. तोवर तूही गेली होतीस.

आधीचे मात्र माझ्याकडे आहेत. टाकायचं धाडस झालं नाही, तुला परत द्यायचंही झालं नाही. तुझ्याच बटव्यात, पर्सच्या तळाशी, इतकी वर्षं.

आज एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पेपर वाचला तोही बाळंतपणातल्या सोबतिणीवरचाच. आता नियम बदललाय, माय. आता बाईची आई पुढच्या दाराने आत येते, कोणाची सुट्टी बघावी लागत नाही. पण कुठे कुठे अजून टाळाटाळ होते, म्हणून हा विषय पुन्हा घेतला होता. चर्चेत मी तुझी गोष्ट सांगितली. आमच्या जुन्या दवाखान्यात एक मावशी होत्या, अशी. मागचं दार, उन्हाचा पट्टा, पाठ चोळणारी म्हातारी, सगळं सांगितलं. माझं बोलणं मलाच लांबून ऐकू येत होतं, आणि दाराकडे बघायचं मी टाळत होते.

त्या पोरीचे डोळे भरून आले. ती म्हणाली, "मॅडम, त्या मावशींनी काही नोंद ठेवली होती का? असेल तर आपल्याला त्यांच्या नावानं मांडता येईल."

पर्स माझ्या मांडीवर होती. मी म्हणाले, "नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं."

तुझी लाज मला केव्हाच वाटेनाशी झाली गं. आता वाटते ती माझी. दोरे बाहेर काढले असते तर ते माझ्याकडे कसे आले, हेही सांगावं लागलं असतं. तिने मान हलवली, चहा आला, आणि सगळ्यांसाठी इतिवृत्त लिहिण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे मीच माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं: सदर निरीक्षणाची नोंद उपलब्ध नाही.

दोरे आता टेबलावर आहेत. पांढऱ्यावरच्या एकेरी गाठींवरून बोट बरंच दूरवर सहज जातं. काळ्यावर दुहेरी गाठींशी सारखं अडखळतं. कापसाचा एक तंतू येऊन त्यावर बसलाय, तो मी उडवत नाही. चौकीदार कुलूप घेऊन दारात उभा आहे, त्याला मी पाच मिनिटं मागितली होती, ती केव्हाच संपली. पेन हातात आहे. ती ओळ मी अजून खोडलेली नाही, माय.