चंपाचा कंस

ठाकूरद्वार, मुंबई
२० मे १९६०

प्रिय सौ. बेबीस,
सुमतीचा भरभरून नमस्कार.

काल केस विंचरताना भायखळ्याच्या आपल्या कॉन्व्हेंटच्या पोर्चमधला तो बाक आठवला. घंटा व्हायच्या आत तू माझी सुटलेली वेणी पुन्हा घालायचीस. रिबन तुझ्या दातांत, म्हणून सगळं रागावणं नाकातून. (आता रिबनला धरायला केसच उरले नाहीत.) तुझे गुडघे कसे आहेत? सासूबाईंचा दमा? भावजींचं पथ्य चालू आहे, की तुझी पाठ वळली की सुटतं?

माझं म्हणशील तर मी या वयात मास्तरीण झाले. आमच्या वाडीतले तात्या (संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात जाऊन आल्यापासून नळाच्या रांगेतही भाषण करतात) दिवाळीनंतर एकदा दारात येऊन उभे राहिले. "सुमतीताई, वाडीतली चौथीची पोरं सरकारी स्कॉलरशिपच्या परीक्षेला बसवायचीत. तुम्ही इंग्रजीतून शिकलेल्या, सरकारचं डोकं कसं चालतं ते तुम्हालाच कळणार." मी म्हटलं, तात्या, मी शिकले तेव्हा सरकार गोऱ्या साहेबाचं होतं. "डोकं तेच आहे हो, टोपी बदलली!" झालं. दुसऱ्या दिवशी माझ्या गॅलरीत चार पोरं आणि तात्यांचं एक उद्घाटनाचं भाषण.

पाचवी आली ती चंपा. भायखळ्याच्या बाजारातून भाजी आणून आमच्या वाडीत विकणाऱ्या कमळाबाईंची नात. टोपली उतरवताना त्या म्हणाल्या, "बाई, हिलापण बसवा. स्कॉलरशिप मिळाली तर बाप पुढं शिकवतो म्हणतोय. नाही तर धाकट्यांना सांभाळायला घरी." बाप म्हणजे सीताराम, परळला गिरणीत आहे. चंपा माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत राहिली. बेबी, त्या क्षणापासून परीक्षा तिची कमी आणि माझी जास्त झाली.

आता या परीक्षेत बुद्धी मोजायचा एक पेपर असतो. चारांतला वेगळा ओळखा: गाजर, मुळा, बटाटा, वांगं. पुस्तकात उत्तर वांगं, कारण बाकीचे जमिनीखाली वाढतात. (गिरगावातल्या मुलांनी जमीन पाहिली आहे कुठे? फरशी पाहिली आहे.) तात्यांचा नातू जगदीश ताडकन म्हणाला, "बटाटा! उपासाला चालतो." बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या आणि शेजारच्या स्वयंपाकघरांतूनही दुजोरा आला. चंपा म्हणाली, "मुळा. संध्याकाळपर्यंत नाही खपला तर फेकावा लागतो." मी वांगं सांगितलं, तेव्हा जगदीशने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "बाई, तुम्ही उपास करत नाही वाटतं?"

पण खरं रण पेटलं ते भूगोलावरून. "तुमच्या राज्याचे नाव लिहा." पाचही पोरं एका आवाजात, "संयुक्त महाराष्ट्र!" मी सांगितलं, अजून झालेला नाही, पेपरात मुंबई राज्य लिहायचं. बोलता येऊ लागल्यापासून ही पोरं गॅलरीत मोर्चा-मोर्चा खेळत आलेली. जगदीशने तर माझ्या नकाशातला गुजरात कात्रीने कापून वेगळा केला. संध्याकाळी तात्या आले. "मुलांना खोटं शिकवता?"

"तात्या, एका मार्काचा प्रश्न आहे."

"एका मार्कासाठी मुंबई सोडायची?"

तेवढ्यात जिन्यात तागडी धरून बसलेल्या कमळाबाई वर न बघता म्हणाल्या, "तात्या, तुमच्या नातवाचा मार्क गेला तरी त्यो शाळेत जाईल. माझी नाही जायची." तात्या गप्प बसले. वाडीत लोक अजून त्या संध्याकाळची आठवण काढतात.

फेब्रुवारीत परीक्षा झाली. शाळेच्या फाटकाशी मी चंपाला विचारलं, काय लिहिलंस ग? "दोन्ही," ती म्हणाली. तिने लिहिलं होतं: मुंबई राज्य (सध्या).

तात्या उखडले. "हे कंस हिला कोणी शिकवले?" मी छताकडे बघत राहिले. तपासणाऱ्याला तो कंस उद्धटपणा वाटला तर, या काळजीने पुढचे दोन महिने मला अन्न गोड लागलं नाही. मग एक मे उजाडला, वाडीभर तोरणं लागली, तात्या पेढे वाटताना रडले. चंपाने पेढा तोंडात टाकून मला हळूच विचारलं, "बाई, आता कंस काढायचा?"

निकालाची वाट पाहते आहे. आज नुसत्या गप्पा मारायला बसले, दुसरं काही कारण नाही.

तुझी,
सुमती

ता. क. पाकीट चिकटवणार इतक्यात कमळाबाई धावत आल्या. चंपाला स्कॉलरशिप मिळाली! जगदीशची थोडक्यात गेली. तात्यांचं मत असं की तपासणारा उपास करत नसणार.

ता. क. दुसरा. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी मुलींचं हायस्कूल आहे, तिथे चंपाला जागा मिळते आहे. शाळा सुटल्यापासून कमळाबाई न्यायला येईपर्यंत पोरीने कुठे बसायचं, एवढ्यावर सीताराम अडला होता. मी त्याला सांगून टाकलं, सोय झाली आहे. (झालेली नाही. ती तू आहेस.)

ता. क. तिसरा, आणि हा नीट वाच. सीतारामचं घर बौद्ध धर्माची दीक्षा घेतलेलं आहे. सासूबाई विचारतील, मुलगी कोणाची. त्यांना खरं ते सांग. पुतण्या जयवंताबरोबर आंब्यांची पेटी पाठवते आहे. वरच्या थरातले आंबे सासूबाईंना, त्यांनी काही विचारायच्या आत. भावजींना दोनच. खालचे जरा कच्चे आहेत, ते तुला. जून उजाडला की खिडकीजवळची उजेडाची जागा चंपाला, आणि पाणी तुम्ही सगळे पिता त्याच पेल्यांतून. आणि नकार द्यायचाच झाला तर तो मला दे, इथे येऊन, तोंडावर. तिला नको.