बसच्या मागची हलकी गाडी

मी, कुसाबाई सावळीराम विधाते, वय अठ्ठ्याहत्तर (आधार कार्डावर ऐंशी आहे, ते चूक आहे, पण आता कोण नीट करत बसतो), धंदा फुलशेती, तो आता बंद, राहणार मखमलाबाद, नाशिक, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण वकीलबाई म्हणाल्या, कायद्याला गुडघे लागत नाहीत. मला कोणी धमकावलेलं नाही, गोड बोलून फसवलेलं नाही, औषधाची गुंगी नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, तेव्हा अक्षर जमेल तसं लावून घ्यावं. याआधी असा कागद केलेला नाही.

वकीलबाईंनी छापील नमुना दिला होता. त्यात "माझे प्रिय पुत्र" असं होतं. त्यातलं प्रिय मी खोडलं. पुत्र आहे, तेवढं पुरे.

कलम १. माझी माणसं. नवरा सावळीराम, वारला. मुलगा जीवन, नाशिक रोडच्या प्रेसमधून रिटायर. सून मंजुषा. नात सायली, पुण्यात नोकरीला, लग्न केलेलं नाही आणि तो तिचा प्रश्न आहे. दीर वाळू हयात आहे. त्याने बांध रेटत रेटत आमच्या विहिरीपर्यंत आणला. त्याला माझ्याकडून काही नाही, जे घ्यायचं ते त्याने आधीच घेतलेलं आहे. माझ्या तेराव्याला जेवायला आला तर वाढावं, डबा भरून देऊ नये.

कलम २. माझा तराजू, वजनं आणि हार ओवायच्या सुया सायलीला. तिला नको असतील तर भंगारात घालाव्यात, आजीची आठवण म्हणून कपाटात ठेवून धूळ खाऊ देऊ नये. पाटल्या दोन आहेत. एक सायलीला, एक मंजुषाला. जोडी मोडली म्हणून कोणी रडू नये, माझी जोडी मोडून आठ वर्षं झाली.

कलम ३. बस. ही माझ्या मालकीची नाही, पण तिच्याशिवाय पुढचं समजणार नाही, म्हणून लिहिते.

जीवन रिटायर झाला आणि त्याच्या मनात भारत बघायचं आलं. शाळेची एक जुनी मिनीबस घेतली आणि मालेगावला हारूनभाई बॉडीवाल्याकडे नेऊन तिचं घर करून आणलं. आत पलंग, ओटा, गॅस, संडास. ज्याने घरातला संडास जन्मात घासला नाही, त्याने रस्त्याने न्यायला आणखी एक बांधला. सगळी गल्ली चपला काढून आत जाऊन बघून आली. शेजारच्या वत्सलाबाईने विचारलं, "जीवन, देव कुठं बसवणार?" ते राहून गेलं होतं. मग टीव्हीखाली फळी मारली.

पहिल्यांदा दोघं सुरगाण्याकडे डोंगर बघायला गेले. बस कुठल्या गावात वळेना. दूध आणायचं तर मंजुषाने फाट्यापासून चालत जायचं. तिथे असताना फोन आला की तिची बहीण हर्षाली जिन्यावरून पडली, ऑपरेशन आहे. जीवन म्हणाला, "आत्ताच तर बस नीट लावली. परवा निघूच की." परवा निघाले. हर्षालीचं ऑपरेशन होऊन तिला घरी सोडलं होतं.  बसमधली भांडी मंजुषाने घरात आणून ठेवली.

मग जीवनने मोबाइलवर काढून दाखवलं की परदेशात लोक अशा घरबसच्या मागे छोटी गाडी बांधून ओढत नेतात. बस एका जागी उभी करायची आणि छोटीने फिरायचं. ते बघून मंजुषा पहिल्यांदा मान वर करून बोलली. म्हणाली, "मला चालवता येते." सायली गाडी शिकली तेव्हा तिच्याबरोबर मंजुषानेही क्लास लावला होता, लायसन काढून डब्यात ठेवलेलं होतं.

पैसे माझे होते, म्हणून गाडी बघायला मीही गेले. हारूनभाईने आधीच बजावलं होतं, "अम्मा, उतारावर मागची गाडी पुढचीला ढकलते. बस बूढी हाय. मागं हलकीच पाहिजे, आणि जुनीच बघा, नवी कशाला घासून घ्यायची."

आडगाव नाक्यापुढे जुन्या गाड्या विकणारा एक आहे. जीवन आत शिरला तो सगळ्यात उंच गाडीपाशी जाऊन उभा.

"आई, आत बसून बघ. वरून काच उघडते, ऊन येतं."

"नाशकात ऊन कमी पडलंय का? आणि ही हलकी का?"

"हलकी नाय, पण दणकट हाय."

"दणकट तुझी बस हाय ना. ही तिला दरीत घालेल."

विकणारा मध्ये पडला. "मावशी, ही घ्या, ऑटोमॅटिक. मॅडमना एकदम सोपी, गिअरची कटकटच नाय."

हारूनभाईला फोन लावला. तो म्हणाला, अशी गाडी चारही चाकं रस्त्यावर ठेवून ओढली तर आतलं तेल फिरत नाही आणि गिअरपेटी जळते. हाताने गिअर टाकायचीच घ्या. तोवर मंजुषा मागे लिंबाखाली गेली होती. तिथे जुनी, छोटी लाल आठशे गाडी उभी होती, काचेवर कुणाच्या तरी पोरांनी चिकटवलेले फुलपाखरांचे स्टिकर. ती आत बसली, सीट पुढे ओढली, आरसा आपल्या तोंडासमोर घेतला.

"आई, ही."

जीवन म्हणाला, "ही? लोक हसतील."

मी म्हटलं, "लोकांचं बसच्या संडासाला हसून झालंय. आता हसायला त्यांच्यात दम नाय."

आठशे घेतली. कागद जीवनच्या नावावर झाले, कारण सही करायला खुर्चीवर तोच बसलेला होता. 

आता आमच्या घराची रीत सांगते. फार वर्षांपूर्वी सावळीरामचा टेम्पो गडाच्या घाटात चहाला थांबला असताना आपोआप घरंगळला आणि झेंडूच्या पाट्यांसकट रस्त्याकडेच्या मोरीत गेला. माणूस कोणी आत नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे जो कोणी गाडीतून उतरेल त्याने गाडी गिअरमध्ये टाकायची आणि मोठ्याने म्हणायचं, "गिअरमध्ये हाय." हे म्हटल्याशिवाय बाकीचे हलत नाहीत. अंगणात सपाट जागेवरसुद्धा.

हारूनभाईने लोखंडी दांडा बसवून दिला आणि शिकवलं, ओढताना गिअर मोकळा, हँडब्रेक खाली. जीवनने मान हलवली. निघायच्या दिवशी त्याने आठशे बसला जोडली, आतून उतरला आणि आयुष्यभर म्हणत आला तसं म्हणाला, "गिअरमध्ये हाय." मी ओट्यावर होते, मंजुषा बसच्या दारात, वत्सलाबाई कुंपणापाशी. सगळ्यांनी ऐकलं आणि सगळ्यांना बरं वाटलं. बस निघून गेली.

दिंडोरीच्या पुढे एका मोटारसायकलवाल्याने पुढे जाऊन बसच्या दारावर थापा मारल्या. मागून धूर निघत होता. बसमध्ये गाणी चालू होती, यांना काही कळलं नव्हतं. आठशेचं इंजिन आतून मोडलं होतं. हारूनभाईला बोलावलं, त्याने वाकून बघितलं, "पहले गिअर में?" एवढंच विचारलं आणि चहा प्यायला निघून गेला. लाल गाडी भंगारात गेली.

त्या संध्याकाळी मंजुषा मेथी निवडत होती. जीवन म्हणाला, "गेली ते बरंच झालं. लय झंझट होतं. तुला एकटीला कुठं जायचं असतं? मी हाय ना."

मंजुषा म्हणाली, "हो."

ते हो मला माहीत आहे. मालेगावच्या एका लग्नाचा माल घेऊन आम्ही सकाळी पोचलो होतो आणि तिथे माझ्या माहेरचा, कळवणचा माणूस आला, तुझी आई शेवटच्या घटकेला आहे म्हणून. सावळीराम म्हणाला, माल उतरवू, मंडपाला लावू, मग जाऊ. मी हो म्हटलं. मंडपाला फुलं लावली, तीही चांगली लावली. कळवणला गेलो तेव्हा आईला नेऊन लोक आंघोळ करून परत आले होते. सावळीराम वाईट नव्हता. टेम्पो त्याचा होता आणि मी टेम्पोत बसलेली होते.

कलम ४. घर. हे माझ्या नावावर आहे, माझ्या फुलांच्या पैशाचं आहे. माझ्यामागे ते विकून वर्षभर बसमध्येच राहायचं असा जीवनचा विचार आहे. त्याने तो फोनवर मित्राला सांगितला, मी बाथरूममध्ये होते. मला गुडघ्यांचा त्रास आहे, कानांचा नाही. म्हणून खालच्या दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागचं अंगण मंजुषाला, तिच्या एकटीच्या नावाने. वरचा मजला जीवनला. त्याने वरचा विकला तर विकत घेणाऱ्याने जिना बाहेरून करावा. फिरायला जावं, माझी ना नाही. फिरून माघारी यायला बाईला दार लागतं.

कलम ५. बँकेत जे उरेल त्यातून दवाखान्याचं देणं, मग माझं क्रियाकर्म, साधं. उरलं तर सायलीला. या कागदाप्रमाणे सगळं करून घ्यायचं काम सायलीचं. बापाने आवाज चढवला तर तिने फोन ठेवून द्यावा, नंतर परत करावा.

कलम ६. माझ्या ठेवीतून मंजुषाच्या नावाने एक जुनी, हलकी, हाताच्या गिअरची गाडी घेऊन द्यावी. कागद तिच्या नावावर, चालवणार ती.

(वरचं कलम ६ रद्द. खोडलं आहे ते मीच, बाजूला सही आहे. कारण खाली.)

कलम ६ लिहून झाल्यावर मी ते वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. पण आजी, हे सगळं तुमच्या पश्चात लागू होणार."

मी म्हटलं, "म्हणजे मी जाईपर्यंत तिने बसमध्ये बसून राहायचं?"

"कायद्याने तसंच."

मी दमले आहे, पण लगेच मरेन असं डॉक्टरही सांगत नाहीत. सासू मरायची वाट बघत बसणं कुठल्या सुनेला आवडत असेल तर गोष्ट वेगळी, मंजुषा तसली नाही. सोमवारी मी ठेव मोडली. मंजुषा आणि मी रिक्षाने त्याच जुन्या गाड्यांवाल्याकडे गेलो. तिने स्वतः गाडी निवडली, करड्या रंगाची, जुनी, वजनाला हलकी. खुर्चीवर तिला बसवलं. सही करताना तिने विचारलं, "आई, नाव पूर्ण लिहू का?" मी म्हटलं, "पूर्ण लिही. जागा ठेवू नको."

काल दुपारी जेवणं झाली, भांडी झाली. मंजुषाने पदर खोचला, पर्स घेतली आणि गाडी काढली. वळवताना गेटला थोडी घासली. जीवन आवाजाने बाहेर आला.

"कुठं चाललीस?"

"जाऊन येते."

"कधी येशील?"

"बघते."

या घरात बाईने दिलेलं हे उत्तर मी पहिल्यांदा ऐकलं. जीवन रस्त्याकडे बघत उभा राहिला, मग माझ्याकडे बघायला लागला. मी डोळे मिटून घेतले, मला झोपही आली होती.

म्हणून गाडी माझ्या मालमत्तेत नाही. तिच्यावर माझ्यामागे कोणी हक्क सांगू नये. ती बसला बांधायची की नाही, हे जीवनने तिला विचारावं, आणि ती काय म्हणते ते पूर्ण ऐकून घ्यावं.

बाकी सगळं वर लिहिलं तसं. वाचून पाहिलं, बरोबर आहे. हात दुखतो आहे, थांबते.

लिहून देणार: कुसाबाई सावळीराम विधाते (सही माझी, अंगठा नाही)

आमच्या डोळ्यांदेखत कुसाबाईंनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:

साक्षीदार १: वत्सलाबाई काठे, शेजारी, मखमलाबाद

साक्षीदार २: डॉ. योगिनी जेजुरकर, यांनी कुसाबाईंना तपासून शुद्धीत असल्याचं वेगळं लिहून दिलं आहे

ठिकाण: मखमलाबाद, नाशिक
दिनांक: ४ डिसेंबर २०२५