खंडेनवमीची आंघोळ

आप्पा, आज मी एका माणसावर ओरडले आणि ओरडता ओरडता तुम्ही आठवलात. राग त्याच्यावर होता, पण तो जे करत होता ते सगळं तुमचंच होतं.

आपल्या गावचं तळं पुन्हा जिवंत करायचं काम चालू आहे. तुम्ही गेल्यानंतर ते गाळानं आणि जलपर्णीनं पार बुजलं होतं. आता गाळ निघतोय, काठ दुरुस्त होतोय, उथळ पाण्यात लव्हाळा आणि पानकणीस लावतोय. त्या कामावर मी आहे, आणि माझ्याकडे कसलं खातं आहे हे सांगितलं तर तुम्ही हसाल. डिझेल, ऑइल, ग्रीस यातलं काही पाण्यात सांडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. मशिनं काठापासून लांब उभी करायची, डिझेल भरताना खाली पत्र्याचा ट्रे ठेवायचा, आणि गुऱ्हाळावरची वाळलेली चिपाडं पोत्यांत भरून काठाला तयार ठेवायची, सांडलंच तर तेल शोषायला. पोरीला इंजिनिअर केली ती पोती भरायला, असं तुम्ही चारचौघांत म्हणाला असतात, आणि वर छातीही फुगवली असतीत. गावची विहीर तळ्याला लागूनच आहे. तळ्यात सांडलं ते उद्या घरोघरच्या हंड्यात यायचं, म्हणून जीव टांगणीला लागतो.

आज खंडेनवमी. सकाळी पोचते तर पोकलेनवाल्यानं मशीन थेट पाण्याच्या कडेला आणलेलं. मेढ्याकडचा माणूस, बोलायला गोड. एका हातात डिझेलची बादली, दुसऱ्या हातात फडकं, आणि मशिनचा हात घासून घासून चकचकीत करतोय. पूजेआधीची आंघोळ. मी इतक्या जोरात ओरडले की पलीकडचे बगळे उडाले.

"आवं मॅडम, वर्षातनं एकदा सण येतुया," तो म्हणाला. "माझी लक्ष्मी हाय ही. पारोशीच पुजू व्हय?"

तो बोलत होता आणि माझ्या समोर आपला ट्रॅक्टर दिसायला लागला. बैल विकल्यावर पहिल्याच खंडेनवमीला तुम्ही तो याच काठाला उतरवलात, बेंदराला जिथं बैल धुवायचात तिथंच. मी मडगार्डवर बसलेय. तुम्ही डिझेलच्या फडक्यानं बॉनेट पुसताय, मग बादल्यांनी पाणी मारताय, आणि पाण्यावर रंग पसरतायत, जांभळे, हिरवे, सोनेरी. मी टाळ्या वाजवतेय. "बघ, आपला नवा बैल कसा रंगीत न्हाला," तुम्ही म्हणता. तेवढ्यात आपली म्हैस पाण्यावर येते, वास घेते आणि तोंड न लावता मागं फिरते. तुमचं हसू तिथंच मावळलं. तुम्ही खांद्यावरचा पंचा काढलात, पाण्यावर अंथरलात, उचलून लांब मातीत नेऊन पिळलात, परत येऊन अंथरलात. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून तेच करत राहिलात. पूजा राहिली, नैवेद्य गार झाला. घरून हाक आली तर म्हणालात, "आदी म्हस पाणी पिऊ दे." ती तिथं प्यालीच नाही. घरी येऊन हौदावर प्याली, आणि तुम्ही तिच्या कपाळावर हात ठेवून कितीतरी वेळ उभे होतात. त्या वेळी तुमच्या पायाला मिठी मारावीशी वाटली होती मला. पुढच्या वर्षीपासून ट्रॅक्टरची आंघोळ अंगणात, साध्या पाण्यानं.

हे सगळं मी पोकलेनवाल्याला सांगितलं. त्यानं बादली खाली ठेवली. "प्यालीच न्हाई म्हस?" एवढंच विचारलं. त्याच्याही घरी म्हशी आहेत. मग त्यानं आपणहून मशीन वर मुरमाच्या पट्ट्यावर नेलं, ताडपत्री अंथरली, डिझेल बाजूला ठेवून ओल्या फडक्यानं पुसून काढलं. झेंडूची माळ मी घातली. नारळ त्यानं मलाच फोडायला लावला.

काठाला थोडं डिझेल गेलंच होतं. पूजेआधीच चिपाडांची पोती टाकून, ओढून, पुन्हा टाकून आम्ही ते सगळं टिपलं. तुमचा पंचा डोळ्यांपुढून हलत नव्हता. संध्याकाळी कुणाचीशी म्हैस आली, वास घेतला, आणि पोटभर पाणी प्याली. आप्पा, मी तिथंच बसून रडले. हे बघायला तुम्ही हवे होतात.

एक मात्र सांगायचं राहिलं. पोती टाका म्हणून ओरडायच्या आधी मी क्षणभर नुसती बघत राहिले होते. पाण्यावर तेच रंग पसरत होते, जांभळे, हिरवे, सोनेरी, आणि ते मला अजूनही सुंदर दिसले. ऑफिसात हे कुणाला सांगायची सोय नाही. हे पत्र तरी मी कुठं टाकणार? तुमच्या कानावर घातलं, बस.