दसऱ्याला पूजलेला लॅपटॉप

नवागाम, सुरत
दि. ३ ऑक्टोबर १९९८

तीर्थस्वरूप प्रमिलामावशीस,
जयश्रीचा सा. नमस्कार. वि. वि.

येथे सर्व क्षेम आहे असे लिहिणार होते. परंतु घरात एक जण दगावला आहे.

कॉलेजने प्रकल्पासाठी मला आपला एकुलता एक लॅपटॉप, म्हणजे मांडीवर मावणारा संगणक, पंधरा दिवसांकरिता दिला होता. कापडाच्या विणीचे नमुने पडद्यावर काढणारा प्रोग्रॅम मी त्यावर रचला आहे. तो १२ तारखेला बाहेरच्या परीक्षकांना दाखवायचा. न दाखवल्यास शेवटचे वर्ष वाया.

परवा दसरा झाला. बाबांनी बावीस वर्षे कारखान्यातल्या मागांची पूजा केली. घरी आलेले यंत्र ते वगळणार कसे? मी नकाराचे वाक्य मनात जुळवत होते, तोवर हळद, कुंकू, अक्षता वाहून झाल्या आणि नारळ फुटला. पाणी थेट कळांच्या ओळींत उतरले. बाबांची पाठ वळताच मी घाबरून यंत्र सुरू करून पाहिले. चर्र असा आवाज, जळका वास आणि पडद्यावर काळोख.

बाबांच्या मते दोष नारळाचा नाही, माझा आहे. पूजलेले यंत्र दुसऱ्या दिवसापर्यंत चालवायचे नसते. माग दुरुस्त करणारे लोटूकाका पाहून गेले. त्यांनी यंत्राला कान लावला आणि चार थेंब तेल पाजण्याची परवानगी मागितली. आईने ते गच्चीवर मिरच्यांशेजारी उन्हात ठेवले आहे. शेजारच्या सुभद्राबाई सकाळ-संध्याकाळ त्याची प्रकृती विचारतात.

लोटूकाका म्हणतात, रिक्षातून पडला असे सरांना सांग. मावशी, मी काय बोलावे ती वाक्ये आपण लिहून पाठवाल का? मी पाठ करीन.

आपल्या मायेची आज नेहमीहून अधिक गरज असलेली,
जयश्री

*

अमळनेर
दि. ६ ऑक्टोबर १९९८

चि. जयश्रीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून घरी हसले, मग वर्गावर जाऊनही हसले. शेवटी मुलांना कारण सांगावे लागले.

वाक्ये लिहून देणार नाही. दहावीला तू केंद्रात पहिली आलीस, तेव्हा तू लाजून जागची हलेनास, म्हणून बक्षीस घ्यायला व्यासपीठावर मला चढावे लागले होते आणि लोकांनी अभिनंदनही माझेच केले. आता पुरे. रिक्षाची गोष्ट तर मुळीच सांगू नकोस. रिक्षातून पडलेल्या वस्तूला कुंकू कसे लागले, हे सर विचारतीलच.

लोटूंना तेलासह लांब ठेवावे, असे तुझ्या आईला, सरलाक्काला, सांग. दाजींना नमस्कार. त्यांना कॉलेजात नेऊ नकोस, एवढे मात्र पाहा.

तुझ्यावर रागावणे कधीच न जमलेली,
प्रमिलामावशी

*

नवागाम, सुरत
दि. १४ ऑक्टोबर १९९८

तीर्थस्वरूप मावशीस सा. नमस्कार. वि. वि.

आपले पत्र माझ्याआधी बाबांनी वाचले. दुसऱ्याच दिवशी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघाले.

सरांच्या टेबलावर लॅपटॉप ठेवताच त्यातून दोन अक्षता पडल्या. सरांनी विचारले, हे काय. मी अक्षता वेचू लागले. तेव्हा बाबांनी हात जोडून माझ्याविरुद्ध साक्ष दिली, "साहेब, दसरे के दिन पूजा किया हुआ मशीन इसने चालू किया."

सरांनी दुरुस्ती पाहणाऱ्या गणपतभाईंना बोलावले. त्यांनी यंत्र उघडून निदान केले, की नुसत्या पाण्याने ते कदाचित वाचले असते. ओले असताना चालू केल्यामुळे आतला बोर्ड जळाला. एक दिवस बंद ठेवायला हवे होते. सरांनी बाबांकडे बराच वेळ पाहिले आणि त्यांना खुर्ची दिली. तेव्हापासून घरात माझी बाजू घेणारे कोणी उरलेले नाही.

हार्ड डिस्क मात्र शाबूत निघाली. ती गणपतभाईंनी प्रयोगशाळेतल्या मोठ्या संगणकाला जोडली आणि माझे सर्व नमुने पडद्यावर आले.

१२ तारखेला परीक्षकांनी पहिलाच प्रश्न केला, की लॅपटॉप कोठे आहे. मी मनात वाक्य जुळवू लागले. दाराबाहेर उभ्या असलेल्या बाबांनी चपला काढल्या; ते पुन्हा साक्षीला येणार हे मी ओळखले आणि त्यांनी उंबरा ओलांडण्यापूर्वी बोलू लागले. नारळापासून सुरुवात केली. मराठी, गुजराती, हिंदी, जी भाषा आधी सापडली तिच्यात. मग थांबता येईना. मिरच्या झाल्या, लोटूकाकांचे तेल झाले, तेथून मागावर वीण कशी बसते आणि ती मी प्रोग्रॅममध्ये कशी उतरवली, हेही झाले. पाऊण तास गेला. बाबा दारातच चपला हातात धरून ऐकत राहिले.

मी उत्तीर्ण आहे. परीक्षकांनी शेरा दिला, की प्रकल्प उत्तम, परंतु विद्यार्थिनीने यापुढे थोडक्यात बोलावे. मावशी, ही सूचना मला आयुष्यात प्रथमच मिळाली. मी ती वहीत तारखेसह उतरवून घेतली आहे.

मायेच्या बाबतीत मात्र आपण थोडक्यात आटोपू नये, ही विनंती.

आपली,
जयश्री