सातवे कलम, थोरल्या भावाविषयी

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसाय वजनकाटे तपासणे व दुरुस्त करणे, धर्माने ख्रिस्ती, हा लेख आज सोमवारी सकाळी दहा वाजता, न्याहारी करून, चष्मा लावून, कोणाच्याही दबावाशिवाय स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी मी चार मसुदे केले व चारही फाडले, कारण चारही मसुद्यांत सातवे कलम कोरे होते. ते कलम माझ्या थोरल्या भावाविषयी आहे. सहा कलमे लिहिणे सोपे आहे. सातवे भरल्याशिवाय आज मी खुर्चीवरून उठणार नाही.

कलम पहिले. माझी मनःस्थिती.

मी पूर्ण शुद्धीवर आहे. हे सांगण्याची गरज एवढ्यासाठी, की माझ्या थोरल्या भावाने बाजारात असे पसरवले आहे की भक्तीने माझे डोके फिरले असून मी केलेला कोणताही कागद तो न्यायालयात टिकू देणार नाही. सबब मी डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. डॉक्टरांनी मला शंभरातून सात सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत आलो आणि पुढे उणे पाच, उणे बारा असे चालू ठेवले, तेव्हा त्यांनी स्वतःच थांबवले.

त्याच डॉक्टरांनी माझ्या यकृताची मुदत सहा ते आठ महिने सांगितली आहे. एवढी तफावत दाखवणारा काटा मी माझ्या दुकानातून परत पाठवला असता. पण तो त्यांचा विषय आहे. माझे दिवस ज्याच्या हातात आहेत त्याने मला तारीख कळवलेली नाही आणि मीही विचारलेली नाही.

कलम दुसरे. घर.

राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर व मागची गॅलरी, माझ्या पत्नीचे. संपूर्ण, बिनशर्त व ताबडतोब. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या भिंतीत खिडकी पाडावी ही तिची मागणी मी एकोणीस वर्षे 'भिंत भार घेते' या कारणाने नाकारली. मागच्या महिन्यात मी गवंड्याला बोलावून विचारले. भिंत भार घेत नाही. खिडकी पाडावी. मी चुकलो होतो, हे येथे लेखी देत आहे.

कलम तिसरे. बँकेतील शिल्लक.

पत्नी व मुलगी यांना समान. तपशील बँकेच्या कागदांवर आहे. येथे त्याची चर्चा नको.

कलम चौथे. कार्यशाळा व हत्यारे.

खालच्या मजल्यावरील कार्यशाळा, दोन्ही लेथ, सर्व पाने, कानशी, चिमटे आणि काचेच्या पेटीतील पितळी प्रमाण वजने माझ्या मुलीची. ती सव्वीस वर्षांची आहे व इलेक्ट्रॉनिक काट्यांत माझ्यापेक्षा हुशार आहे. लोखंडी वजनांत अजून नाही, शिकेल.

थोरला भाऊ मागच्या महिन्यात, चौदा वर्षांनी प्रथमच, या कार्यशाळेची पायरी चढला. माझी प्रकृती विचारायला आला असे मला क्षणभर वाटले. संभाषण जसे झाले तसे देतो.

"किती दिवस म्हणतायत डॉक्टर?"

"बस आधी. चहा घेशील?"

"चहा राहू दे. जागा माझ्या नावावर करून टाक. पोरगी काय वजनं घासत बसणार? लग्न होऊन जाईल ती."

मुलगी लेथपाशीच होती. तिने यंत्र बंद केले. "काका, तुमच्या दुकानात दुरुस्त झालेली तीन वजनं काल एक गिऱ्हाईक माझ्याकडे घेऊन आलं. तिन्हींच्या बुडातलं शिसं पोखरलेलं आहे. भरून देऊ, की तशीच परत पाठवू?"

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी: लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असते व त्यात वजन नेमके करण्यासाठी शिसे भरलेले असते. ते थोडे पोखरले की किलोचे वजन किलोचे राहत नाही आणि दुकानदाराचा रोज फायदा होतो. हे काम करून मागणारे आठवड्याला दोन तरी येतात. माझा भाऊ ते करून देतो. मी एकदाही केलेले नाही. बाजारात मला 'मिलिग्रॅम' म्हणतात, तेही चिडवून. मी हे नाव कमावलेले आहे.

भाऊ जाताना माझ्याकडे बघून म्हणाला, "तुझ्यासारखंच वळण लावलंयस पोरीला. उपाशी मरेल." मुलगी म्हणाली, "काका, उंबरा सांभाळा, उंच आहे."

मुलीवर अटी दोनच. शिसे पोखरायचे नाही. आणि रविवारी शटर उघडायचे नाही, मग दारात खुद्द बाजार समितीचा अध्यक्ष उभा असला तरी. तिसरी अट घालण्याचा माझा विचार होता. ती म्हणाली, "बाबा, दोन पुरेत. बाकीचं माझं मी देवाला विचारीन." ते मला पटले.

कलम पाचवे. फेल्टचा तुकडा.

माझ्या पिशवीत राखाडी फेल्टचा एक चौकोनी तुकडा आहे. त्याचे वजन दोनशे बारा ग्रॅम. तोही मुलीला; पण त्याची हकीकत तिने कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून वाचावी.

चौदा वर्षांपूर्वी मी मोठ्या रुग्णालयातील नवजात बालकांचा काटा तपासायला गेलो. पाळण्यासारख्या त्या ताटलीवर लोखंडी वजनांचे ओरखडे पडू नयेत म्हणून आम्ही आधी फेल्ट अंथरतो, फेल्टसकट सुई शून्यावर आणतो, तपासणी करतो, फेल्ट काढतो आणि शून्याचा स्क्रू पुन्हा फिरवतो. शेवटची पायरी मी विसरलो. फेल्ट काढून घेतल्यावर सुई शून्याखाली जायला हवी होती, पण शून्यापाशी खुंटी असते. सुई तिला टेकून निमूटपणे उभी राहिली. पाहणाऱ्याला काटा बरोबरच दिसला. त्या दिवसापासून प्रत्येक बाळ दोनशे बारा ग्रॅमने हलके भरू लागले. औषधाची मात्रा बाळाच्या वजनावर ठरते.

सहाव्या दिवशी दुसऱ्या कामासाठी टाचण वही उघडली तेव्हा शेवटच्या पायरीपुढे खूण नाही हे मला दिसले. धंद्यात तेव्हा आम्ही दोघे भाऊ भागीदार होतो. मी त्याला सांगितले.

"गप्प जा, स्क्रू फिरव, गप्प ये," तो म्हणाला. "कोणाला कळणार आहे?"

"बाळांना औषध कमी गेलंय."

"तुला काय माहीत? आणि सांगितलंस तर हा धंदा संपला, कळतंय का? बाबांनी उभा केलेला. तू शहाणा, तुझा देव शहाणा, आणि आम्ही रस्त्यावर!"

मी त्या दुपारी या टेबलापाशी गुडघे टेकले. मला खरे तर परवानगी हवी होती, गप्प राहण्याची. ती मिळाली नाही. जी आज्ञा मला लहानपणापासून पाठ होती, खरे बोल, तीच पुन्हा मिळाली. धीर मात्र मिळाला नाही, हे मुलीने नीट वाचावे. देव आधी बळ देतो आणि मग आज्ञा करतो असे लोक सांगतात. माझा अनुभव तसा नाही. रुग्णालयाचे चार मजले मी कठडा धरून, घाम पुसत, अर्ध्यातून दोनदा खाली उतरून पुन्हा वर चढून गेलो. वॉर्डाचे दार वाजवेपर्यंत माझ्या अंगात पाण्याच्या थेंबाएवढीही ताकद नव्हती. दार उघडल्यावर मी जे बोललो ते न अडखळता बोललो. ते बळ माझे नव्हते, आणि एक पायरी आधीही ते मला मिळालेले नव्हते.

वॉर्डच्या मुख्य सिस्टरांनी सगळे ऐकून घेतले. "सहा दिवस? म्हणजे अकरा बाळं. बसा. पाणी प्या. मग यादी काढू."

अकराही बाळांची वजने पुन्हा झाली. एक बाळ घरी गेलेले होते. त्याला परत बोलावले तेव्हा त्याला ताप भरलेला होता. मात्रा वाढवली, नवव्या दिवशी ते बरे होऊन घरी गेले. माझ्या कबुलीमुळे ते वाचले असे मी म्हणणार नाही. माझ्या चुकीमुळे ते अडचणीत आले होते, एवढे मात्र निश्चित.

रुग्णालयाने काम काढून घेतले. ते योग्यच होते. महिनाभरात भाऊ वाटणी मागून वेगळा झाला, रस्त्याच्या पलीकडे बरोबर समोर दुकान थाटले, आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला, 'समोर जाऊ नका, त्याने बाळांचा काटा चुकवला होता.' अकरा महिने आमच्याकडे कुत्रे फिरकले नाही. मी रोज नऊला शटर वर केले, प्रार्थना केली, रिकामा बाक पुसला आणि सहाला शटर खाली केले. पत्नी शिकवण्या घेत होती. मी वाकलो नाही. हा माझा मोठेपणा नव्हे. वाकायला लागलो की चौथ्या मजल्याचे ते दार मला आठवत असे, एवढेच. बाराव्या महिन्यात त्याच रुग्णालयाचे पत्र आले. त्यात एकच वाक्य होते: जो स्वतःची चूक स्वतः येऊन सांगतो, त्याच्याकडूनच आम्हाला काटे तपासून हवेत.

कलम सहावे. आजार व अंत्यविधी.

माझ्यासाठी कोणी मांत्रिक, जडीबुटीवाला किंवा 'एकदा दाखवून तर बघा' असा कोणीही घरात आणू नये. प्रार्थनेला येणाऱ्यांनी यावे. रडायला येणाऱ्यांनी गॅलरीत बसावे. अंत्यविधीला संथ गीते नकोत. 'त्यांनी कधी कोणाचे मन दुखवले नाही' असे पाळकसाहेबांनी म्हणू नये. मी अनेकांची मने दुखवली आहेत आणि त्यांतील बरेच जण समोरच्या रांगेत बसलेले असतील.

कलम सातवे. थोरला भाऊ.

वकीलसाहेब म्हणाले, "त्याला वगळायचं तर एक ओळ पुरे. 'जाणीवपूर्वक काहीही देत नाही.' पक्कं काम." ती ओळ चारही मसुद्यांत मी पेन्सिलीने लिहिली आणि चारही वेळा खोडून टाकली, शाई भरता आली नाही. दुसरे काही लिहवेनाही.

शेवटी आठ दिवसांपूर्वी रविवारी उपासनेहून परतताना पत्नीने विचारले, "अहो, प्रभूच्या प्रार्थनेत 'आम्ही क्षमा केली आहे' म्हणता, तेव्हा नुसते ओठ हलवता की म्हणता?"

"तो माफी मागू दे."

"तसं काही वाक्य आहे त्या प्रार्थनेत? मला नाही आठवत."

 घरी येऊन मी जेवलो नाही.

तर लिहितो. मनात क्षमा उमटेल याची मी चौदा वर्षे वाट पाहिली. उमटली नाही. आजही नाही. भावाचा आवाज रस्त्यापलीकडून आला तरी माझे दात आवळले जातात. पण ही आज्ञा आहे आणि माझे मन तयार आहे का, असे तिने मला विचारलेले नाही. मी बळ आल्यावर चढणारा माणूस नाही. मला आधी चढावे लागते.

बाबांनी मंडळीच्या दफनभूमीत चौघांची जागा घेतलेली आहे. आईबाबा तेथे आहेत. उरलेल्या दोन आम्हा भावांच्या. वाटणीच्या वेळी भावाने आपली जागा मला लिहून दिली, त्याचे शब्द होते, "जिवंतपणी तुझ्या शेजारी बसवत नाही, मेल्यावर कशाला?" ती जागा आज कायद्याने माझी आहे. पत्नीसाठी ठेवावी असे मी म्हणालो, तर ती म्हणाली, "मला तुमच्याच कबरीत ठेवा, वरच्या बाजूला. एकदा तरी माझं वर राहील."

ती जागा मी माझ्या थोरल्या भावाला परत देत आहे. त्याने माफी मागावी, शिसे पोखरणे सोडावे, हे मृत्युपत्र मान्य करावे, अशी एकही अट नाही. तो न्यायालयात गेला तरी हे कलम रद्द होणार नाही. ती जागा कोणाला विकता येणार नाही व तो येईपर्यंत मोकळी राहील. मंडळीच्या पंचांनी हरकत घेतली, "तो वीस वर्षांत उपासनेला आलेला नाही." मी त्यांना सांगितले, "आला तर उपासनेला नाही येणार, झोपायला येणार आहे. झोपू द्या." त्यांची संमती लेखी घेऊन सोबत जोडली आहे.

हे मी प्रेमाने देत आहे असे कोणी समजू नये. आज्ञा म्हणून देत आहे. प्रेम नंतर येत असेल तर येईल. माझ्याकडे आठ महिने आहेत, आणि त्यानंतरही भरपूर वेळ आहे. ज्या सकाळी प्रभू सगळ्यांना कबरींतून उठवील, त्या सकाळी माझ्या उजव्या हाताला तो असेल. रस्ता मध्ये नसेल. तोंड फिरवायला जागा नसेल. चौदा वर्षे मी त्याला हाक मारलेली नाही. त्या सकाळी पहिली हाक मीच मारीन: दादा, ऊठ.

वरील सात कलमे मी स्वतः लिहून, दोनदा वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली आहे. सही करताना माझा हात थरथरला नाही, याची त्यांनी नोंद घ्यावी.

स्थळ: कार्यशाळेतील लांब टेबल. सोमवार, दिनांक ९ जून २०२५, दुपारी एक वाजून दहा मिनिटे.

लिहून देणार: (सही)

साक्षीदार पहिले, शेजारचे घाऊक धान्य व्यापारी: समक्ष सही केली. हात थरथरला नाही. (सही)

साक्षीदार दुसऱ्या, पाचव्या कलमातील वॉर्डच्या मुख्य सिस्टर, आता निवृत्त: समक्ष सही केली. सातव्या कलमाच्या पानावर हात थरथरला. मी खोटी साक्ष देणार नाही. (सही)