घट वजा जाता

२७ डिसेंबर, सकाळी ११
थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेलो. वजन ८८.४. परत येऊन दुकान उघडलं. दोन कळश्या आणि एक परात विकली.

डॉक्टर विशाखा मॅडम वयाने आमच्या लेकीएवढ्या, शिवानीएवढ्या. रोज काय खाता ते वहीत लिहा म्हणाल्या, मला दाखवलं नाही तरी चालेल. म्हणून ही वही. दाखवणार नाहीच. गोळी पंचाहत्तरची होती, ती शंभरची केली. मी विचारलं, दोन घेतल्या तर वजन दुप्पट वेगाने उतरेल का. म्हणाल्या, वजन नाही उतरणार, छातीत धडधड दुप्पट होईल. गोळीने थायरॉईड जागेवर येतं, बाकीचं तुम्हाला करायचं आहे. महिन्याला दोन किलो उतरलं तरी पुष्कळ झालं.

तीस वर्षं लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारात भांडी तोलून विकतो आहे. दोन किलो म्हणजे एक मध्यम कळशी. मला कोणी वजन शिकवू नये.

ठरवलं. ९ मार्चपर्यंत ७८.

९ मार्चला शिवानीच्या आईचं पहिलं पुण्यस्मरण आहे. त्या दिवशी पांढरा नेहरू शर्ट घालायचा. त्याचं कापड तिनेच मलप्पा टेलरकडे टाकलं होतं. शिवून आला तेव्हा ती नव्हती. परवा पहिल्यांदा घालून पाहिला. खालची तीन बटणं लागत नाहीत. मलप्पा म्हणाला, आणा, उसवून देतो. नको म्हटलं. माप तिने दिलेलं आहे. शर्टाला हात लावायचा नाही. मी कमी होईन.

२८ डिसेंबर
दुकानातल्या मोठ्या काट्यावर उभा राहिलो. ८८.४. म्हणजे डॉक्टरांचं मशीन बरोबर आहे, पण त्यांची पद्धत चूक आहे. मोडीत जुनं भांडं घेताना आपण लाख, माती, डाग यांची घट धरतो. किलोभर घागर आली तर साडेनऊशेचाच हिशेब. यात फसवणूक नाही, व्यवहार आहे. कपडे, चपला, चष्मा, चाव्यांचा जुडगा मिळून दीड किलो घट. निव्वळ ८६.९. एका दिवसात दीड किलो.

सिद्रामप्पा दुकानात माझ्या वडिलांच्या वेळेपासून आहे. तो म्हणाला, मालक, एवढंच हाय तर कपडे काढून उभारा की. भर गोलाईत, गिऱ्हाइकांसमोर! मी काट्यावरून उतरलो.

३० डिसेंबर
येळवस, म्हणजे वेळ अमावास्या. बाजार बंद, सगळं लातूर शेतात. मी उदगीरला थोरल्या बहिणीच्या, सिद्धम्मा अक्काच्या शेतात गेलो. भज्जी खाल्ली. ती भाज्यांचीच असते, म्हणून चार वेळा. आंबील म्हणजे पाणीच. बाजरीचे उंडे मोजले नाहीत. गव्हाची खीर दोन वाट्या. शेतात बसून खीर नको म्हणणं बरं दिसत नाही. अक्काच्या घरात अर्धं कानडी चालतं, पण साकू म्हणजे पुरे, हा शब्द तिथे कोणाला येत नाही.

आंबिलीचा बिंदगा या वर्षी अक्काच्या सुनेने डोक्यावर घेतला. बिंदगा आमच्याच दुकानातला. तांब्याचा, तीन किलो दोनशे. मी पुढे चाललो, मागे पाहिलं नाही.

अक्का म्हणाली, राजा, थोडं रडून घे, हलकं वाटेल. म्हटलं, हलकं व्हायचं माझं वेगळं चाललं आहे.

३ जानेवारी
उद्यापासून पहाटे साडेपाचला फिरायला जायचं. बूट काढून ठेवले.

४ जानेवारी
धुकं होतं.

५ जानेवारी
धुकं नव्हतं, पण ग्राउंडवर ओळखीचे लोक असतात. कसं चाललंय विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात. उद्यापासून गच्चीवर चालणार.

६ जानेवारी
गच्ची लहान आहे. वळताना गरगरतं.

९ जानेवारी
डॉक्टरांनी दिलेला कागद नीट वाचला. रोज भाजी-भाकरी पोटभर, भात अर्धा, तळलेलं कमी, उपाशी राहू नका, अर्धा तास चाला. हे सगळं बरोबर आहे. गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर, त्यानंतर तासभर चहासुद्धा नाही. हे बरोबर असेल, पण गरजेचं नाही.

पूर्वी तसंच घ्यायचो. सकाळी सहाला शिवानीची आई पितळी वाटीत गोळी आणि शेजारी तांब्या ठेवायची. मग सात वाजेपर्यंत चहा मिळायचा नाही. कितीही मागा. दोघं मागच्या पायरीवर बसायचो. ती बोलायची, मी घड्याळ पाहायचो. आता तो तास रिकामा ठेवण्यात अर्थ नाही. दुकानाची घाई असते. गोळी चहाबरोबर घेतो. चहा शेवटी पाण्याचाच होतो.

१४ जानेवारी
संक्रांत. निव्वळ ८६.५. तीळ उष्ण असतात, थंडीत चरबी वितळवतात. कुठेतरी वाचलं आहे. अकरा लाडू.

२१ जानेवारी
शिवानीचा नांदेडहून फोन. ती विष्णुपुरीला इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते आणि आता मलाही शिकवते. पप्पा, रोज दुपारच्या ताटाचा फोटो पाठवायचा. बरं म्हटलं. पहिल्यांदा वाढलेल्या ताटाचा पाठवला. दुसऱ्यांदा वाढल्यावर पाठवा असं ती बोललेली नाही.

२७ जानेवारी
शिवानीचा फोन. म्हणाली, पप्पा, सहा दिवस झाले, ताटात तीच मेथी, तोच कांदा, आणि मागच्या घड्याळात रोज एक वाजून दहा मिनिटंच. मी म्हटलं, वेळ पाळतो. म्हणाली, कांद्याचे तुकडेपण मोजून तितकेच? फोन ठेवला. फोटो बंद. बाप आणि मुलीत विश्वास पाहिजे.

१ फेब्रुवारी
काट्यावर ८९.७. डॉक्टर म्हणाल्याच होत्या की थायरॉईड कमी पडलं की अंगात थोडं पाणी साठतं. म्हणजे ते पाणी माझं वजन नाही. सूज दोन किलो, कपडे वगैरे दीड, सकाळचा नाष्टा अर्धा. घट चार किलो. निव्वळ ८५.७. काम चालू आहे.

सिद्रामप्पा म्हणाला, मालक, एवढी घट असलेलं भांडं तुमी दुकानात घेतलं असतं का? म्हटलं, नसतं घेतलं. म्हणाला, मग. या माणसाशी बोलणं कमी केलं पाहिजे.

८ फेब्रुवारी
निर्धार. रात्रीचं जेवण बंद.

८ फेब्रुवारी, रात्री ८.४०
फक्त दूध-भाकरी. दूध-भाकरी म्हणजे जेवण नव्हे.

१० फेब्रुवारी
अक्का उदगीरहून आली. कडक भाकऱ्यांची चळत, शेंगांची चटणी, आणि गव्हाची हुग्गी, म्हणजे खीरच, डबाभर. डॉक्टरांचा कागद दाखवला. अक्काने तो खालीवर पाहिला, घडी घातली आणि डब्याखाली ठेवला, तेल झिरपू नये म्हणून. म्हणाली, बायकांचा आजार तुला कसा झाला म्हणते मी. म्हटलं, आजाराला विचार. म्हणाली, ती होती तोवर तुझं अंग ताब्यात होतं.

हुग्गी खाल्ली.

१५ फेब्रुवारी
सकाळी शर्ट घालून पाहिला. आता चार बटणं लागत नाहीत. शर्ट कपाटात राहून आखडला असणार. पांढरं कापड आखडतं. मलप्पाला रस्त्यात विचारलं. तो म्हणाला, शेट, धुतलं नाही तर कापड कसं आखडेल. शर्ट आणा, पंधरा मिनिटांचं काम आहे. नको म्हटलं. दोनदा म्हटलं.

बावीस दिवस आहेत. रोज अर्धा किलो धरला तर अकरा किलो. हिशेब सरळ आहे.

२० फेब्रुवारी
हिशेब सरळ आहे. अंमलबजावणी सोमवारपासून.

२६ फेब्रुवारी
महाशिवरात्र. दिवसभर उपवास. साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी, बटाट्याचे पापड, रताळ्याच्या फोडी, राजगिऱ्याचा लाडू. दुपारनंतर पुन्हा खिचडी, कारण उपवासाचं उरलेलं टाकत नाहीत.

२७ फेब्रुवारी
काट्यावर ९०.८. सिद्रामप्पाकडून काटा तपासून घेतला. त्याने पाच किलोचं वजन ठेवलं. काट्याने पाच दाखवलं. वजन उचलून जागेवर ठेवलं आणि परात पुसायला लागला. काही बोलला असता तर बरं झालं असतं.

२८ फेब्रुवारी
दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. मागे टीएसएचचा आकडा अकरा होता, हवा पाचच्या आत. गोळी वाढवूनही चोवीस. मी म्हटलं, लॅबने घट धरली नसेल. मॅडम हसल्या नाहीत. गोळी चुकते का? नाही, एक दिवसही नाही. कशाबरोबर घेता? चहाबरोबर. दुधाचा? दुधाचा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मग अर्धी गोळी वायाच जाते. आधीपासून असंच घेता? म्हटलं, नाही, आधी घरात हातात मिळायची, पाण्याबरोबर, तासभर आधी. मग आता काय अडचण? म्हटलं, दुकान उघडायचं असतं. कितीला उघडता? दहाला. उठता कितीला? साडेपाचला.

त्यांनी डोस वाढवला नाही. तीच शंभरची, पण पाण्याबरोबर, सहा आठवड्यांनी पुन्हा या म्हणाल्या. निघताना म्हणाल्या, काका, एक तासच आहे.

त्यांना काय माहीत.

१ मार्च
गोळी चहाबरोबर. मुद्दाम.

४ मार्च
शिवानीचा फोन. शुक्रवारी सुट्टी टाकून येते, मांडवाचं, पूजेच्या जंगमांचं, स्वयंपाकाचं मी बघते, तुम्ही फक्त तब्येत सांभाळा. मी म्हटलं, शर्ट घालणार आहे. ती म्हणाली, आईवाला? म्हटलं, हो. म्हणाली, होतो का? म्हटलं, होईल.

६ मार्च
दोन दिवस काकडी आणि ताक. दुपारी गिऱ्हाईकासमोर परात उतरवताना डोळ्यांपुढे अंधारी. सिद्रामप्पाने धरलं. स्टुलावर बसवलं, स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी वांग्याच्या भाजीत मोडून माझ्या हातात दिली. म्हणाला, मालक, वैनी असत्या तर आज मला शिव्या बसल्या असत्या, तुमाला न्हाई. खा.

खाल्ली.

७ मार्च, सायंकाळी
शिवानी आली. शर्ट मी स्वतः घेऊन मलप्पाकडे गेलो. तिला नेलं नाही. मी म्हटलं, बाजूने उसव, पण जास्त नको. आणि कापड कमी पडलं तर दुसऱ्या कापडाचं ठिगळ लावायचं नाही. तसाच परत दे. मी शाल घेईन.

मलप्पाने शर्ट उलटा केला. दोन्ही बाजूंना आत चार-चार बोटं कापड दाबून शिवलेलं. मी म्हटलं, एवढं ठेवतोस? म्हणाला, मी दोन बोटं ठेवतो. तुमचं हे वहिनींनी सांगून ठेवलेलं आहे. माप द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, ह्यांच्या बोलण्यावर जाऊ नको. कमी होतो म्हणतील. होणार नाहीत. भरपूर ठेव.

म्हणजे तिने माझ्यावर विश्वास ठेवला नव्हता.

शिलाई उसवून नवी घालायला त्याला पंधरा मिनिटं लागली. मी बाहेर उभा राहिलो. चार ओळखीचे लोक गेले. कसं चाललंय म्हणाले. ठीक म्हटलं.

९ मार्च
पुण्यस्मरण झालं. दीडशे पानं उठली. अक्का सकाळपासून रडत होती आणि वाढतही होती. शर्ट घातला. सगळी बटणं लागली. वर बोटभर जागाही राहिली. शिवानी माझ्याकडे बघून आत गेली. सिद्रामप्पा म्हणाला, मालक, वजन उतरलं की. म्हटलं, हो.

हुग्गी एक वाटी. खरंच एक.

१० मार्च, सकाळी १०.१०
शिवानी पहाटेच्या गाडीने नांदेडला गेली. दुकान उघडलं. काट्यावर ९०.६. कपडे, चपला, चाव्या सगळं धरून. घट धरली नाही.

आज शिवानी गेल्यावर घरात कोणी नव्हतं. सहाला पितळी वाटी घासून घेतली. तिच्यात गोळी ठेवली, मग तिथूनच उचलली. तांब्याभर पाणी घेतलं. मागच्या पायरीवर बसलो. समोरच्या गच्चीवर कोणीतरी चादर झटकत होतं. दूधवाला आला, गेला. सहा वीस झाले. वाटलं आणखी अर्धा तास झाला असेल. सहा बावीस.

तास लांब असतो. ती तो कशाने भरायची, आता आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो बहुतेक.

सातला उठलो. गॅस पेटवला. चहाला एक कप पाणी मोजून ठेवलं.