कडा कापलेला दस्त

ता. ४ जून

चि. सौ. वन्संना अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

आधी खाली बसा, मग वाचा. तुमच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या दिरांनी, माझ्यावर फौजदारी केली आहे. बनावट दस्त आणि फसवणूक. ह्यांनी जाण्याआधी बाइंडिंगचं दुकान माझ्या नावे केलं, ते भावाला फसवून, आणि त्या दस्ताचं पान मी मागाहून बदललं म्हणे. पुरावा काय, तर त्या पानाच्या कडा कापलेल्या आहेत!

वाकडी कड ह्यांना बघवायची नाही. विजेचं बिलसुद्धा कटरखाली सरळ करायचे. दस्तही तसाच कापला, आणि त्यात साक्षीदाराची सही गेली. वकीलबाई म्हणतात, खटला चालला तर सात-आठ वर्षांनी नक्की सुटाल. पण तोवर आरोपी म्हणून उभं का राहायचं? फिर्यादच रद्द करा, असा अर्ज उच्च न्यायालयात करतेय. त्या दिवशी ह्यांच्यासोबत तुम्ही गेला होतात. साक्षीला कोण होतं?

तुमची वहिनी

ता. ११ जून

ती. वहिनीस शि. सा. न. वि. वि.

साक्षीला कोण? तोच, ज्याने फिर्याद केली! सहीला माझं पेन घेतलं, ते अजून परत दिलेलं नाही. नोंदणी कचेरीत दुसरी प्रत आहे, तिला दादाचा कटर लागलेला नाही. ती काढ.

काल फोनवर मला म्हणाला, वहिनीची बाजू घेतलीस तर माहेर तुटेल. मी म्हटलं, माझं माहेरपण तिनेच केलं, तू कधी चहाला तरी विचारलंस का? शपथपत्रावर सही करायला मी येते आहे. भांडून वजन वाढलंय, रिक्षा मोठी बघ.

तुझी हट्टी नणंद

ता. २० नोव्हेंबर

चि. सौ. वन्संना भरभरून आशीर्वाद.

जिंकलो! उच्च न्यायालयाने फिर्यादच रद्द केली. न्यायमूर्तींनी दोन्ही प्रती शेजारी ठेवून वाचल्या. शब्दाचा फरक नाही. मग बनावट कुठली, आणि स्वतः साक्षीला बसलेला माणूस फसला कसा, असं त्यांनी विचारलं. दिरांचे वकील म्हणाले, खटल्यात ठरू द्या. न्यायमूर्ती म्हणाले, ठरायला उरलंय काय? दुकानात वाटा हवा तर दिवाणी कोर्टात मागा. फिर्यादीत दम नाही हे उघड दिसत असताना बाईला वर्षानुवर्षं फरपटवणं हाच अन्याय आहे.

निकालातलं एक वाक्य मला पाठ झालंय: मयताने कुणाचीही फसवणूक केलेली दिसत नाही. दुकान उघडून ते ह्यांच्या रिकाम्या स्टुलासमोर मोठ्याने वाचलं. शेजारचा घड्याळवाला धावत आला, कोणाशी बोलताय म्हणाला. म्हटलं, मालकांना निकाल वाचून दाखवतेय. तो चपला काढून आत आला आणि म्हणाला, पुन्हा वाचा, मीही ऐकतो.

लोभ वाढू द्या, कमी करायला कारण उरलेलं नाही.

तुमची वहिनी